जावयानं बंद पाडलेला कॉम्प्युटर

“पाय जरा पुढं घ्या, जावईबापू,” माझे सासरे आबा म्हणाले, आणि मी दचकून ते आणखी मागे घेतले.

लग्नानंतरचा आमचा पहिलाच अधिक महिना होता. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना, आणि धोंड्याचा महिना म्हणजे जावयाचा पोळा. पाटाभोवती रांगोळी, समोर परात, परातीत कोमट पाणी, आणि एके काळी तालमीत घुमलेला, साठी ओलांडूनही दरवाजा भरून टाकणारा तो माणूस माझ्यासारख्या काडीपैलवानाचे पाय धुवायला खाली वाकलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझी बायको वैजू दाराआड पदर तोंडाशी धरून हसत होती. सासूबाईंनी अनारशांनी शिगोशीग भरलेलं ताट माझ्यापुढे ठेवलं, त्यावर दिवा ठेवला आणि हात जोडले.

“आज तुम्ही आमचं नारायण,” त्या म्हणाल्या.

“मग नारायणानं एक करावं,” आबा माझे पाय पुसत म्हणाले. “आमचा कॉम्प्युटर जरा बघावा. सुरू व्हायला लय येळ घेतोय.”

ओवाळायला उचललेलं सासूबाईंचं निरांजन हवेतच थांबलं. “आज? अवो, दुपारी दोन गावची माणसं येणार न्हवं त्यावर कुस्ती बघायला? चालतोय तसा चालू द्या की. आजच कशाला त्याच्या नादाला लागताय?”

“जावईबापू हायत की घरात. पुण्याचं कॉम्प्युटरवालं. दुसरं कोन बघणार?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेल्या माणसाला गप्प बसणं कुठलं जमायला? “दोन मिनिटांचं काम आहे, आई,” मी म्हणालो, आणि नारायण पाटावरून उठले.

सासरी मी ‘कॉम्प्युटरमध्ये’ होतो. म्हणजे नेमकं काय करतो हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही सांगायच्या भरीला पडलो नव्हतो. कॉम्प्युटर इंजिनिअर म्हटलं की साळशेतात खुर्ची मिळायची, चहात दूध जास्त पडायचं. तपशिलात शिरून ते दूध कमी करून घेण्यात काही शहाणपण नव्हतं.

साळशेत हे कोल्हापूरकडचं गाव, आणि आबा मगदूम हे त्या भागातले व्हिडिओ शूटिंगवाले. लग्नं, बारशी, जावळं ते पोटासाठी काढायचे, कुस्त्या जिवासाठी. स्वतः खेळलेला माणूस, त्यामुळे पैलवानाचा हात पुढे कुठे जाणार हे त्यांना आधी कळायचं आणि कॅमेरा तिथे आधीच जाऊन बसलेला असायचा. म्हणून तर महिन्यापूर्वी जत्रेच्या मैदानात शेवटच्या कुस्तीवरून राडा झाला तेव्हा दोन्ही गावांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की आबांचं शूटिंग बघायचं.

राडा असा होता. साळशेतचा जोतिराम आणि शेजारच्या हिंगणमाळचा रणधीर. पंचानं जोतिरामच्या बाजूनं हात वर केला. हिंगणमाळवाले म्हणाले, आमच्या पोराची पाठ मातीला लागलीच नव्हती, उलट जोतिरामचीच आधी लागली. बक्षिसाची चांदीची गदा कुणी कुणाला देईना. दगड उचलले गेले, ते कसेबसे खाली ठेवले गेले. आणि मधल्या मधे अडकली राजी, म्हणजे जोतिरामची बहीण. तिचं लग्न हिंगणमाळात ठरलेलं होतं, अधिक महिना संपला की मुहूर्त होता. आता हिंगणमाळवाले म्हणत होते, आधी गदेचा निकाल, मग अक्षता. साळशेतवालेही म्हणत होते, अगदी बरोबर, आधी निकाल. आपापल्या बाजूनं निकाल लागणार याची दोन्हीकडे खात्री होती.

त्या दुपारी दोन्ही गावचे वस्ताद आणि चार वडीलधारी माणसं आबांच्या घरी येऊन, आबांच्या कॉम्प्युटरवर ती कुस्ती बघणार होती. कॅमेऱ्यातलं कार्ड पुढच्या लग्नासाठी केव्हाच पुसून झालं होतं. जे काही होतं ते त्या एका डब्यात होतं.

तो डबा मधल्या खोलीत, अंगणाकडच्या खिडकीशी होता. त्यावर सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं पांघरूण. मी ते बाजूला करून बटण दाबलं. आबा मागे उभे राहिले. खरं सांगायचं तर कॉम्प्युटर तसा बरा सुरू झाला. तेवढ्या वेळात चहा झाला नसता, फार तर पाणी तापलं असतं.

“बघा, किती येळ,” आबा म्हणाले.

“हं,” मी डॉक्टरासारखा म्हणालो. “हे वरवरचं दुखणं नाही. आत बघावं लागेल.”

आत म्हणजे बायोसमध्ये. कॉम्प्युटर सुरू होता होता डिलीटचं बटण दाबत राहिलं की एक निळा पडदा येतो. विंडोज जागं व्हायच्या आधीची ती खोली. कुठला भाग आधी उठवायचा, कुठला झोपू द्यायचा, हार्ड डिस्कशी कुठल्या पद्धतीनं बोलायचं, हे सगळं तिथे ठरतं. शहाणा माणूस तिथे जात नाही, आणि गेलाच तर हात खिशात घालून बघतो. माझे हात खिशात नव्हते.

आधी मी फ्लॉपीचा भाग बंद केला, कारण फ्लॉपी आता वापरतं कोण. मग कोणाला आधी उठवायचं त्याचा क्रम बदलला, कारण तो बदलता येत होता. मग खाली खाली जाता जाता हार्ड डिस्कच्या पानावर आलो. तिथे लिहिलं होतं, ‘साटा मोड’, आणि त्यापुढे ‘आयडीई’. एंटर दाबल्यावर दुसरा पर्याय दिसला, ‘एएचसीआय’. आयडीई जुनी पद्धत, एएचसीआय नवी आणि वेगवान, एवढं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं. त्या लेखात पुढेही काहीतरी ‘पण’ म्हणून होतं, पण तेवढ्यात कंपनीची बस आली होती.

“सापडलं!” मी म्हणालो. “आबा, तुमची डिस्क नवी आहे, पण तिला जुन्या चालीनं चालवलंय. बुलेट घेऊन ढकलत नेण्यासारखं आहे हे.”

“असं?” आबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “मग करा नवी चाल.”

मी केली. ते सगळं जतन करून बाहेर पडायचं बटण दाबलं. कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, विंडोजची ओळखीची खूण दिसली, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एक वेगळाच निळा पडदा पांढऱ्या अक्षरांनी चमकून गेला. परत अंधार. परत विंडोजची खूण. परत निळी चमक. परत अंधार.

“पहिल्या वेळी असं होतं,” मी म्हणालो.

दुसऱ्या वेळीही झालं. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, “आता स्थिरावतोय.”

“बंद पडला काय?” आबांनी विचारलं.

“बंद नाही. विचार करतोय.”

“करू दे की. त्याला बी येळ लागतोय,” असं म्हणून आबा खुशाल बाहेर गेले. जाताना माझ्या खांद्यावर थाप मारून गेले. केवढा विश्वास, मला वाटलं.

पुढचं सगळं सांगण्यासारखं नाही, पण सांगतो. मी डबा उघडला. आत फुंकर मारली आणि ती सगळी धूळ माझ्याच डोळ्यांत गेली. वायरी काढून परत लावल्या. एक जास्त उरल्यासारखी वाटली, ती कुठलीच नव्हती, माझ्या मोबाइलच्या चार्जरची होती. सासूबाई जेवायला बोलवायला आल्या. पुरणाचे धोंडे तळून तयार होते, त्यांचा वास घरभर सुटला होता. मी म्हणालो, “हे झाल्याशिवाय जेवणार नाही.” प्रतिज्ञा करायचा माझा स्वभाव नाही, पण तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. वैजू दारात येऊन माझ्याकडे आणि जमिनीवर पसरलेल्या स्क्रूंकडे बघून गेली. ती काही बोलली नाही, आणि नवराबायकोत त्याला बोलणंच म्हणतात.

डबा उघडण्यात मी इतका रमलो की मूळ उपद्व्याप बायोसमधला होता हे मला सुचेचना. सुचेना कसं? सुचत होतं. पण एएचसीआय ही चूक असू शकेल हे मनाला पटत नव्हतं. ते तर मी मासिकात वाचलं होतं.

खिडकीशी खुसपुस झाली. सासूबाईंना तळणीत मदत करायला आलेली राजी उभी होती. हाताला पीठ, कपाळावर घाम.

“दाजी,” तिनं हळूच विचारलं, “हुईल काय ओ सुरू?”

वैजूची ती बालमैत्रीण, म्हणून मी दाजी. तिचे डोळे भरून आलेले बघून मला भडभडून आलं. या पोरीचं लग्न माझ्या एका बटणावर अडकलंय, आणि मी डब्यात फुंकरा मारतोय!

“होणार!” मी छातीवर हात ठेवून म्हणालो. “काही झालं तरी सुरू करणार. तू अजिबात काळजी करू नकोस.”

राजीचा चेहरा आणखीच उतरला. माझ्या शब्दावर तिचा भरवसा नाही असं मला वाटलं, आणि त्याचंही वाईट वाटलं.

ऊन कललं तशी माणसं येऊ लागली. साळशेतची अंगणाच्या एका अंगाला बसली, हिंगणमाळची दुसऱ्या अंगाला. मधे एवढी जागा सोडलेली, की तिथेच एक कुस्ती लागली असती. साळशेतचे हिंदुराव वस्ताद आणि हिंगणमाळचे बाबालाल वस्ताद हे तरुणपणी एकमेकांशी लढलेले, नंतर एका ताटात जेवलेले. पण जत्रेपासून एकमेकांकडे बघत नव्हते. दोघांना आबांनी मुद्दाम एकाच घोंगडीवर बसवलं, आणि दोघांनी दोन टोकांना तोंडं फिरवली.

“चालू करा आबा,” बाबालाल वस्ताद म्हणाले. “कुणाची पाठ हाय ते बघू दे सगळ्यांस्नी.”

“जरा दम खावा,” आबा म्हणाले. “बिघडलाय थोडा. पण जावई बसल्यात आत. पुण्याचं इंजिनेर हायत.”

“मग काय, हुतंय,” हिंदुराव वस्ताद म्हणाले.

ते ऐकून मी आणखी एक स्क्रू काढला. बाहेर चहा फिरला. मग खायला काहीतरी फिरल्याचा कुडुमकुडुम आवाज आला. माझेच अनारसे होते ते. नारायण कामात असल्यानं नैवेद्य भक्तांनीच संपवत आणला होता.

माणसं किती वेळ गप्प बसणार? हळूहळू अंगणात आवाज चढू लागले. मी आत घामाघूम, आणि खिडकीतून सगळं कानावर येत होतं.

“जोतिरामनं ढाकेचा डाव मारला तवा रणधीर कुशीवर हुता. कुशीवर! पाठ कुठं लागली?” हे बाबालाल.

“कुशीवरनं पाठीवर आला की! माझं डोळं गेल्यात व्हय?” हे हिंदुराव.

“तुमचं डोळं जत्रंच्या आधीच गेल्यात.”

“ऊठ. ऊठ, दावतो तुला. हितं झोप.”

“मी झोपू? तू झोप. पाठ तुझ्या पोराची लागलीया.”

मी मान उंचावून बघितलं. सत्तरीला टेकलेले ते दोन वस्ताद धोतराचे सोगे खोचून अंगणाच्या मधोमध उतरले होते. एकानं दुसऱ्याच्या मानेत हात घातला, दुसऱ्यानं कमरेत. दोन्ही गावं उठून भोवती गोळा झाली. “असा हात हुता,” “असा न्हवं, असा,” करता करता दोघंही हळूहळू खाली गेले, आणि खाली गेले ते तिथेच अडकले. कुणाची पाठ कुठे हे कुणालाच कळेना.

“हात काढ की, बाबालाल.”

“तू पाय काढ आधी. माझा गुडघा धरलाय.”

“माझी कंबर धरलीया, पाय कुठनं काढू?”

मग खालून बाबालाल वस्तादांच्या हसण्याचा आवाज आला, मग हिंदुरावांचा, आणि मग सगळं अंगण खदखदलं. साळशेतच्या दोघांनी बाबालालना उचललं, हिंगणमाळच्या दोघांनी हिंदुरावांना. परत बसताना कोण कुठल्या अंगाला बसलं हे कुणी बघितलं नाही.

मी मात्र इकडे पुरता चीत झालो होतो. करण्यासारखं काही शिल्लक राहिलं नव्हतं, म्हणून नाइलाजानं शेवटचा उपाय केला. सकाळपासून जेवढं शहाणपण दाखवलं होतं, ते सगळं मागे घ्यायला बसलो. डिलीट दाबलं, निळ्या पडद्यावर गेलो. फ्लॉपी चालू केली. उठवायचा क्रम होता तसा केला. आणि अगदी जिवावर आल्यासारखं, साटा मोडपुढे परत आयडीई केलं. त्या विंडोजला नव्या पद्धतीनं डिस्कशी बोलता येतच नव्हतं. कुणी त्याला ती शिकवलेलीच नव्हती. मासिकातला तो ‘पण’ बहुतेक हाच होता.

जतन केलं, बाहेर पडलो. खूण आली. निळी चमक आली नाही. आणि मग तो विंडोजचा सूर वाजला, आणि पडद्यावर आबांनी तालमीच्या मारुतीचा लावलेला फोटो उमटला. कोपऱ्यात ‘जत्रा कुस्ती’ असं नाव दिलेली फाईल दिसत होती.

मी खुर्चीतून उठून नाचलो. खरंच नाचलो. लाज कसली? सकाळपासून पहिल्यांदा मी नारायण झालो होतो.

दार उघडून आबा आत आले. त्यांनी पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि वळून दार आतून लावून घेतलं.

“झालं?”

“झालं!”

मी शाबासकीची वाट बघत होतो. आबा मटकन खाटेवर बसले. “आता ओ?” ते हळू आवाजात म्हणाले. “आता कसं करायचं?”

“कसं म्हणजे? बोलवा ना सगळ्यांना.”

“जावईबापू, मी तुमाला हे सुरू करायला बसवलं नव्हतं.”

“मग?”

आबांनी मान खाली घातली. “वैजीनं मला लग्नाआधीच सांगितलंय, तुम्ही हापिसात काय करताय ते. लोकांनी नीट चालवलेलं घ्यायचं, आणि ते मोडंपर्यंत बटणं दाबायची. मोडलं की पगार.”

“त्याला टेस्टिंग म्हणतात,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच लहान वाटला.

“काय बी म्हणा. वर मिक्सर, इस्त्री आणि घराच्या बेलचं पण सांगितलंय तिनं. म्हटलं, ह्यो माणूस एकदा बसला की आपलं काम झालं.”

मी परत खुर्चीत बसलो. माणसाला आपल्याबद्दल बरंच काही सहन होतं. पण आपल्या अडाणीपणावर कुणीतरी एवढा भरवसा टाकून बसलं होतं, हे पचायला वेळ लागतो.

“तुम्हाला बंद पाडायचा होता तर तुम्हीच एखादी वायर काढायची ना,” मी म्हणालो.

“ते माझं पाप झालं असतं. दोन्ही गावांस्नी शब्द दिलाय मी, जे हाय ते दाखवीन. शब्द मोडता येत न्हाई, खोटं बोलता येत न्हाई. पण जावयाच्या हातनं काय झालं तर कोन काय बोलणार? जावयाला बोलायची रीत न्हाई आपल्यात.” त्यांनी पडद्यावरच्या फाईलकडे बोट केलं. “मी ती कुस्ती बघितलीया. कैक येळा. कुणाची पाठ लागली ते स्वच्छ दिसतंय.”

“कुणाची?”

“कळून काय करताय? कुणाची बी असू दे, हे चालू झालं की एक गाव हरतंय. हरलेलं गाव सून घेत न्हाई आणि लेक देत न्हाई. राजी काल रात्री येऊन पायावर पडली माझ्या. म्हणाली, आबा, काय बी करा, पण ते दावू नका.”

खिडकीतला तिचा उतरलेला चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. ‘काही झालं तरी सुरू करणार!’ असं मी छातीठोक सांगितलं होतं त्या पोरीला.

बाहेर अजून हसणं चालू होतं. बाबालाल वस्ताद म्हणत होते, “हिंदू, पोरांस्नी पुढल्या जत्रंत परत धरू या. तवर गदा देवळात ठेवू.” आणि हिंदुराव म्हणत होते, “ठेवू की. आपल्या दोघांपेक्षा ती तरुण हाय, तिला काय हुतंय?”

“ऐकलं?” आबा म्हणाले. “आता मी भाईर जाऊन कॉम्प्युटर सुरू झाला म्हटलं, की ही समदी आत येणार. आणि तो सुरू असताना बंद हाय म्हणायचं, ते मला जमायचं न्हाई.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, पण बघणं शेजाऱ्याकडे उसनी साखर मागायला आल्यासारखं. “जावयाला मान द्यायचा महिना हाय. आणि मी तुमचा मान मागतोय. न्हाई म्हणालासा तरी माझं काय म्हणणं न्हाई.”

मी थोर माणूस असतो तर लगेच हो म्हणालो असतो. मी थोर नव्हतो. दिवसभर उपाशी राहून, डोळ्यांत धूळ घालून घेऊन, शेवटी एक गोष्ट मी खरोखर दुरुस्त केली होती, तीही स्वतःच बिघडवलेली. आणि अंगणात दोन गावं टाळ्या वाजवायला तयार बसली होती. मला त्या टाळ्या हव्या होत्या. फार हव्या होत्या. मी मारुतीच्या फोटोकडे बघत बसलो. त्यानं काही सुचवलं नाही.

मग मी कॉम्प्युटर परत बंद करून चालू केला आणि डिलीट दाबत राहिलो. निळा पडदा आला. हार्ड डिस्कच्या पानावर गेलो, साटा मोडवर थांबलो, आयडीईचं एएचसीआय केलं, आणि जतन करून बाहेर पडलो. बायोसमध्ये मी काय करतोय हे मला स्वतःला कळत असण्याची ती पहिलीच वेळ होती. विंडोजची खूण आली, निळी चमक आली, अंधार झाला.

“बंद?” आबांनी विचारलं.

“बंद.”

त्यांनी दार उघडलं. मी अंगणात गेलो. सगळ्या नजरा माझ्यावर वळल्या. नाकाला धूळ, शर्टाला काळे डाग, हातात स्क्रूड्रायव्हर.

“नाही जमलं मला,” मी म्हणालो. “पार बंद पडला. माझ्यामुळेच.”

मग बाबालाल वस्ताद उठून माझ्यापाशी आले आणि पाठीवर असा हात मारला की मी दोन पावलं पुढे गेलो. “असू दे पावणं! पुण्याचं पैलवान हितल्या मातीत घसरत्यातच.” आणि अख्खं अंगण हसलं. साळशेत आणि हिंगणमाळ, दोन्ही गावं, एकदिलानं. हिंगणमाळचा एक जण म्हणाला, कोल्हापूरला नेऊन दुरुस्त करून आणू या; तर हिंदुराव वस्ताद त्याच्यावर खेकसले, “कशाला आता? ठरलंय न्हवं आमचं? तुला काय शिनिमा बघायचाय?”

मला सगळ्यात जास्त काय लागलं सांगू? हसले त्याचं नाही. एकाही माणसाला आश्चर्य वाटलं नाही, त्याचं. वैजू माझ्याजवळ आली, पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “मला सकाळीच वाटलं होतं.”

राजीचं लग्न अधिक महिना संपताच झालं. आम्ही गेलो होतो. हिंगणमाळच्या मांडवात माझी ओळख करून द्यावी लागली नाही. “हेच ते, कॉम्प्युटरचं जावई,” असं म्हणत लोक आपापल्या पोरांना दाखवत होते. कुणीतरी आपला मोबाइल घाईनं खिशात घातल्याचंही मी बघितलं.

पुढच्या जत्रेत कुस्ती परत झाली. रणधीरनं सरळ, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जोतिरामला आस्मान दाखवलं. गदा हिंगणमाळला गेली, आणि साळशेतनं ती वाजतगाजत वेशीपर्यंत पोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा फोन आला.

“जावईबापू, आता तो डबा सुरू करायला हरकत न्हाई. कसा करायचा?”

मी पुण्यात कचेरीच्या जिन्यात उभा राहून सांगत गेलो, ते करत गेले. “डिलीट दाबत राहा. निळं आलं? आता बाणाचं बटण खाली खाली.” “न्येलं खाली.” “साटा मोड दिसतंय?” “दिसतंय.” “एंटर. आयडीई. आता जतन करायला एफ दहा.” मग थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज, आणि फोनमधून तो विंडोजचा सूर.

“झालं,” आबा म्हणाले. मग म्हणाले, “तुमचं लय देणं हाय माझ्याकडं.” आणि फोन ठेवला.

त्या वेळी त्यांच्या ओसरीवर चारपाच माणसं पेपर वाचत बसलेली होती, आणि त्यांना आतून नुसता बटणांचा खडखडाट आणि तो सूर ऐकू आला, हे मला मागाहून कळलं. साळशेतात दुपारपर्यंत बातमी पसरली, की पुण्याच्या इंजिनेरला दिवसभर खपून जमलं नाही ते आबांनी बसल्या जागी चार बटणं दाबून केलं. आबांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

तेव्हापासून ही गोष्ट आमच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला वैजूच्या तोंडून ऐकावी लागते. ती सांगते फार छान. माझी नक्कल तर माझ्यापेक्षा बरी करते. आबा हयात असताना ती सुरू झाली की ते काहीतरी काम काढून उठून जायचे. एकदा मी त्यांना परसात गाठून म्हणालो, “सांगून टाकू या का आता?” तर म्हणाले, “तुमाला सांगायचं तर सांगा. माझ्या तोंडनं यायचं न्हाई. दोन गावांपुढं बंद म्हणून झालंय.”

आबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. म्हणून आज हे लिहून काढलं. वैजू वाचेल आणि म्हणेल, “काहीही काय सांगता हो! तुम्हाला म्हणे सुरू करता आला होता!” साक्षीदार एकच होता, आणि तो शब्दाचा पक्का निघाला.